चित्राच्या पोटातली चिठ्ठी

इतिहासकाराचा सारा संसार सापडलेल्या वस्तूंवर चालतो. कुठे ताम्रपट सापडतो, कुठे वीरगळ सापडतो, कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल सापडतात, आणि त्यांवर तो आपली इमारत उभी करतो. पण जे सापडूच नये म्हणून लिहिले गेले, त्याचे काय? ज्या चिठ्ठीचे सारे यश परक्याच्या नजरेस न पडण्यात होते, ती दोनशे वर्षांनी संशोधकाच्या हाती कशी लागावी? या प्रश्नाचा विचार करू लागलो म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. गुप्त संदेशांचा म्हणून जो इतिहास आपण वाचतो, तो बहुतांशी फसलेल्या संदेशांचा, नाहीतर मागाहून कुणी बोलून दाखविलेल्या संदेशांचा इतिहास आहे. जे पुरते साधले, ते इतिहासात आलेच नाहीत.

मी धर्मापुरीला मुलांना इतिहास शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन धंद्यांचे आपसात फारसे सख्य नाही. गुप्त चिठ्ठी म्हटली की कादंबरीकार हरखतो, शिक्षक मात्र विचारतो, "कोणत्या सालची? मूळ प्रत कुठे आहे?" या विषयावर लिहिताना दोघांनाही बोलू द्यावे लागेल, कारण एकट्या कादंबरीकाराच्या हाती तो दिला तर त्याची भाकडकथा होते, आणि एकट्या शिक्षकाच्या हाती दिला तर हाती काहीच उरत नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मजकूर राखण्याचे मार्ग दोन. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांचाच दाखला घ्या. सावकाराच्या घरी लोखंडी तिजोरी असे. ती सर्वांना दिसे. तिच्यात काय आहे हे मात्र किल्लीवाचून कळत नसे. शेतकऱ्याच्या दारी पेव असे. जमिनीच्या पोटात जोंधळा भरायचा, तोंड बुजवायचे, वर माती पसरायची आणि खुशाल त्यावरून चालायचे. पेवाला कुलूप नसते; त्याचे रक्षण एकाच गोष्टीने होते, ती म्हणजे ते आहे हेच परक्याला ठाऊक नसणे. सांकेतिक लिपी ही तिजोरी, आणि छुपा संदेश हे पेव. तिजोरी पाहून दरोडेखोर थांबतो व फोडायला लागतो. पेवावरून तो घोडा घालून निघून जातो.

आपल्याकडच्या प्राचीनांना हे दोन्ही मार्ग माहीत होते. वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त चौसष्ट कला मोजल्या आहेत, त्यांत म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे. अक्षरांची अदलाबदल करून लिहावयाचे, म्हणजे जाणत्यावाचून इतरांस अर्थ लागत नाही. ही तिजोरी झाली. पेवाची खूण कौटिल्याकडे सापडते. परक्या दरबारात गेलेल्या दूताला आपल्या हेरांशी उघड बोलण्याची सोय नसेल तेव्हा त्याने बातमी कशी मिळवावी, हे सांगताना 'अर्थशास्त्र'कार भिकारी, मद्यपी, वेडे यांच्या बडबडीचा उल्लेख करतो आणि त्यालाच जोडून तीर्थस्थाने, देवळे, चित्रे व लेख यांतील खुणांचा. ज्या देवळात सारे गाव येते, जे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, तेच निरोपाचे ठिकाण! आणि खुद्द या ग्रंथाचे नशीब पाहा. शतकानुशतके तो केवळ नावाने माहीत होता. १९०५ मध्ये त्याची पोथी म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये तो छापून निघाला.

आमच्या गावच्या केदारेश्वराच्या देवळावर चालुक्यकाळातल्या सुरसुंदरी आहेत. त्या काळच्या शिल्पकारांना चित्र आणि अक्षर एकत्र आणण्याची हौस होती. आज कर्नाटकात गेलेल्या बीदर जिल्ह्यातील जलसंगवी येथे एक सुरसुंदरी चक्क शिलालेख लिहिताना कोरली आहे, आणि ती लिहीत असलेला मजकूर चालुक्य विक्रमादित्याच्या स्तुतीचा आहे. चित्राच्या आत लेख आहे, पण तो उघड आहे. राजाच्या स्तुतीला लपण्याचे कारण नसते. लपावे लागते ते दुसऱ्यांना.

त्या दुसऱ्यांत आपल्या मराठीचे आद्य गद्यकारच येतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला. पुढे चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक अशी त्यांची नावे. त्यांतली सकळ लिपी रवळोबासांनी सिद्ध केली असे सांगतात. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर वा चिन्ह, अशी तिची रचना. हे कशासाठी केले याविषयी दोन मते आहेत. विरोधकांपासून ग्रंथांचे रक्षण करावे हे एक. अनधिकाऱ्याच्या हाती पवित्र वचने पडू नयेत हे दुसरे. दोन्ही कारणे एका वेळी खरी असावयास हरकत नाही.

पण परिणाम काय झाला ते पाहा. पंथाची माणसे पंजाबात गेली, काबूलपर्यंत गेली आणि तिकडेही त्यांनी मराठी पोथ्या जपल्या. इकडे महाराष्ट्राला मात्र आपल्याच भाषेचे हे भांडार शेकडो वर्षे बंद राहिले. तिजोरी सर्वांना दिसत होती, म्हणूनच तिच्यात काहीतरी भयंकर असले पाहिजे अशी कुजबुज वाढली. जे वाचता येत नाही त्याविषयी माणूस नेहमी वाईटच कल्पना करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाला स्थान दिले, आणि मग कुठे लोकांना कळले की आत होते ते आपलेच साधे, गोड मराठी. रक्षणासाठी घातलेल्या कुलपाने ग्रंथ वाचविले खरे. पण वाचकाला दूर ठेवले तेही त्यानेच.

आता पेवाचे उदाहरण, आणि तेही मराठ्यांच्या इतिहासातल्या सर्वांत काळ्या दिवसाचे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घात झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी भाऊंच्या मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या छावणीला एक कासीद भेटला. हा कासीद सरकारी नव्हता. तो सावकारांचा होता, आणि पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याचा त्याचा करार होता. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पत्र उघडून पाहिले तर आत पेढीवरच्या नुकसानीचा तपशील: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व तांबे किती गेले त्याची बेरीज लागत नाही.

हे पत्र वाटेत कुणा अफगाण स्वाराच्या हाती लागले असते तर त्याने काय केले असते? सावकाराचे दिवाळे वाजले म्हणून हसला असता आणि कासिदाला दोन कोरडे मारून सोडून दिले असते. त्या पत्रात एकही चमत्कारिक अक्षर नव्हते, एकही उलटे चिन्ह नव्हते. सावकारी पत्रात मोत्यांचा आणि मोहरांचा उल्लेख नसावा तर कुणाच्या पत्रात असावा? परंतु ज्याला कळावयाचे त्याला क्षणात कळले. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. सत्तावीस मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. रुपये आणि तांबे म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत ते हजारो. स्वतःचा थोरला मुलगा एका मोत्याच्या रूपाने हिशेबात खर्ची पडलेला त्या बापाने वाचला. त्याच वर्षी २३ जून रोजी पुण्यास पर्वतीवर नानासाहेबांचा अंत झाला.

या पत्राविषयी माझ्यातल्या शिक्षकाचे एक सांगणे आहे. ते आपल्याला माहीत आहे, कारण ते भलत्याने उघडले. ते औरंगाबादच्या पेढीला लिहिलेले होते, पेशव्याला नव्हे. ते आपल्या मुक्कामी गुपचूप पोचले असते तर पेढीच्या इतर कागदांत कुठेतरी पडून राहिले असते, आणि पुढच्या एखाद्या अभ्यासकाने १७६१ मधील मोत्यांच्या व्यापारातील खोट म्हणून त्याची नोंद केली असती! अशी किती पत्रे आज दप्तरांत व्यापारी कागद म्हणून निजलेली असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

मात्र येथेच एक मोठा धोका आहे. दडलेले काही असू शकते असे एकदा कळले की माणसाला ते सर्वत्र दिसू लागते. समर्थ रामदासांच्या नावावर एक पद्य आपल्याकडे सांगितले जाते. वरवर पाहता ते विवेकाचा उपदेश करणारे आहे. पण ओळींची आद्याक्षरे एकाखाली एक वाचीत गेले की विजापूरचा सरदार निघाल्याची खबर हाती येते. अफझलखान चालून येत असता समर्थांनी ती शिवाजीमहाराजांना अशी पोचविली, ही कथा. आमच्या वर्गात ती सांगितली म्हणजे मागच्या बाकावरची मुलेसुद्धा वह्या उघडून ओळींची पहिली अक्षरे मोजू लागतात.

शिक्षकाने येथे काय करावे? अक्षरे ओळीने असे स्वच्छ वाक्य देतात, तेव्हा तो योगायोग नव्हे, हे उघड आहे. कुणीतरी ते जाणून रचले आहे. प्रश्न दडविले की नाही हा नाहीच. कुणी आणि केव्हा दडविले, हा आहे. अफझलखान प्रतापगडाखाली पडला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. समर्थांची आणि महाराजांची पहिली भेट काही अभ्यासक १६४९ मध्ये मानतात, तर काही १६७२ मध्ये. दुसरे मत घेतले तर ही कथा अडखळते. भेटीवाचून पत्र जाऊ शकते हे खरे. पण मग ज्याची भेट नाही त्याला आद्याक्षरे वाचावयाची हा संकेत सांगितला कुणी? छुप्या संदेशाला आधीचा करार लागतो. नाहीतर तो ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यापासूनही छुपाच राहतो. आणि वाक्य माहीत झाल्यावर, घटना घडून गेल्यावर, त्या आद्याक्षरांवर पद्य रचणे हे कोणाही चांगल्या पद्यकाराला अवघड नाही. मोरोपंतांनी मंत्ररामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र पद्यांच्या अक्षरांतून गुंफला, तो कुणा शत्रूपासून लपविण्यासाठी नव्हे. ती भक्ती होती आणि हातोटीही होती.

मी मुलांना दोन्ही बाजू सांगतो. काहींचे चेहरे उतरतात. पण कथा हिरावून घेतली असे मला वाटत नाही; पुरावा मागण्याची सवय ही कथेपेक्षा जास्त दिवस टिकणारी शिदोरी आहे.

आता आजच्या काळाकडे वळू. हल्ली चिठ्ठी लपविण्यास ना पद्य लागते, ना सावकारी भाषा. साधे छायाचित्र पुरते. संगणकातले चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन संख्यांनी लिहिलेला असतो: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधली, आणि ती यंत्र आठ खुणांनी, शून्य आणि एक यांच्या मांडणीने, लिहिते. या आठांतली शेवटची खूण बदलली तर ८४ चे ८५ होतात, एवढेच. देवळाच्या काळ्या दगडाचा रंग एवढ्याने बदलला हे कोणत्याही डोळ्याला दिसणार नाही. म्हणजे एका ठिपक्यात तीन खुणा आपल्याला वापरावयास मोकळ्या मिळाल्या.

देवनागरीतले एक चिन्ह साठविण्याच्या रूढ पद्धतीत चोवीस खुणा घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना वेगळी होते. 'पाणी' या शब्दात प, काना, ण आणि वेलांटी अशी चार चिन्हे. खुणा झाल्या ९६, आणि ठिपके लागले ३२. हजार बाय हजार ठिपक्यांचे चित्र घेतले तर त्यात दहा लक्ष ठिपके, म्हणजे सवा लाख चिन्हे मावतात. एखादी आटोपशीर कादंबरी केदारेश्वराच्या एका छायाचित्रात सबंध बसेल, आणि पाहणाऱ्याला देऊळच दिसेल.

हे काम करणारी अनेक साधने आहेत. त्यांतले एक प्रसिद्ध साधन म्हणजे स्टेफान हेट्झल यांचे 'स्टेगहाइड'. त्याची शेवटची आवृत्ती २००३ मधली, तरी अजून लोक ते वापरतात. त्यात चित्रविचित्र खिडक्या वा बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एका ओळीत आज्ञा लिहावयाची: साधनाचे नाव, 'एम्बेड' हा शब्द, मग ज्यात लपवायचे त्या चित्राचे नाव आणि जे लपवायचे त्या चिठ्ठीचे नाव. ते परवलीचा शब्द विचारते, चिठ्ठीला आधी सांकेतिक रूप देते आणि मग ती चित्रात विखरून ठेवते. म्हणजे तिजोरी पेवात उतरविल्यासारखे झाले. चिठ्ठी परत काढताना आज्ञेत 'एक्स्ट्रॅक्ट' लिहावयाचे आणि तोच परवलीचा शब्द द्यावयाचा.

परंतु पेव ओळखणारेही असतातच. अनुभवी माणूस अंगणात काठी आपटतो आणि पोकळ आवाज ऐकतो. चित्रांच्या बाबतीत ही काठी गणिताची आहे. शेवटच्या खुणा सरसकट बदलल्या की ८४ आणि ८५, ८६ आणि ८७ अशा जोड्यांची संख्या जवळजवळ सारखी होत जाते. नैसर्गिक चित्रात ती सहसा तशी नसते. १९९९ मध्ये आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्झमान यांनी हा पोकळ आवाज कसा ऐकावा ते दाखवून दिले. स्टेगहाइड या काठीला चुकविण्याची युक्ती करते. शक्य तेथे ते मूल्य बदलीत नाही, दोन ठिकाणच्या मूल्यांची अदलाबदल करते. म्हणजे मोजदाद होती तशीच राहते. पण त्याची दुखरी नस दुसरीकडे निघाली. चिठ्ठीचे कण चित्रात कुठे ठेवावयाचे हे एका बीजसंख्येवरून ठरते, आणि अशा संख्या साऱ्या मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. आजच्या यंत्राला तो चाळून पाहणे सहज शक्य आहे. परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही अमुक चित्राच्या पोटात काही आहे, एवढे आता ओळखता येते. आणि पेव आहे एवढे कळले की पेवाचे काम संपले.

दुसरा शत्रू याहून साधा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे छायाचित्र पाठविले की वाटेत ते दाबून लहान केले जाते. चित्र पोचते, सुंदरही दिसते. पोटातली चिठ्ठी मात्र वाटेतच मरते. कासीद पोचला आणि पत्र कोरे झाले!

मोठमोठ्या राज्यांनीही हा मार्ग वापरला आहे. जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा जणांना रशियाचे हस्तक म्हणून पकडले. त्यांच्यावरील आरोपपत्रात असे होते की, कुणालाही पाहता येतील अशा चित्रांत ते निरोप दडवीत. आणि हे पेव उघडे कसे पडले? गणिताने नव्हे. घराच्या झडतीत कागदाच्या एका तुकड्यावर सत्तावीस अक्षरांचा परवलीचा शब्द लिहिलेला सापडला. यंत्र कितीही हुशार असो, गुपित शेवटी माणसाच्या हातून सांडते.

तेव्हा या कलेकडे कसे पाहावे? हिचा उपयोग चोर करील, हेर करील, हे खरे आहे. म्हणून कुणी म्हणेल, असे काही मुलांना सांगूच नये. मला तसे वाटत नाही. हिंदुस्थानातल्या १८५७ च्या युद्धावरील सावरकरांचा ग्रंथ प्रकाशित होण्यापूर्वीच सरकारने बंद केला. १९०९ मध्ये तो परदेशात छापला गेला, आणि त्याच्या प्रती 'पिकविक पेपर्स' व 'डॉन क्विक्झोट' यांची वेष्टने लेवून या देशात शिरल्या. त्या वेळी लपविणारा दुबळा होता आणि शोधणारा बलवान. लपविण्याची कला ही बहुधा दुबळ्याचीच कला असते; बलवानाला आपले म्हणणे दगडावर कोरून चौकात उभे करता येते. ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, यावरून तिचा न्याय व्हावा.

मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आमच्या पिढीने कागद सोडला आणि सारे काही चित्रांत आणि यंत्रांत ठेवले. शंभर वर्षांनी जो कुणी या काळाचा इतिहास लिहावयास बसेल, त्याच्यापुढे देवळांची, लग्नांची, शेतांची कोट्यवधी छायाचित्रे असतील. त्यांतल्या काहींच्या पोटात कुणाचे प्रेम असेल, कुणाची तक्रार असेल, कुणा भ्यालेल्या माणसाची साक्ष असेल. परवलीचा शब्द ज्याला ठाऊक होता तो केव्हाच गेलेला असेल. महानुभावांच्या पोथ्यांना किल्ली जपणारी परंपरा होती म्हणून त्या पुन्हा बोलल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरातले लक्षावधी मोडी कागद तर कुणी लपविलेलेही नाहीत. केवळ वाचणारे कमी झाले म्हणून ते मुके होत चालले आहेत. लपविलेले आणि विसरलेले यांत काही काळाने फरक उरत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्याला त्या काळ्या पडद्यावरची एक ओळ शिकावयाची असेल त्याने ती अवश्य शिकावी. पण तिच्याबरोबर मोडीची बाराखडीही गिरवावी. चिठ्ठी दडवून ठेवणारे हात पुष्कळ आहेत. वाचणारे डोळे तयार करणे हे आम्हा मास्तरांचे काम आहे.